हरीकाकांनी विणलेली ऑर्बिटल

हरीकाका,

तुमच्या दहाव्याला मी बाळकुमला आलेले. ओटीवर बायकांमध्ये बसले होते, तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तू कोन गो त्यांची?"

मी म्हटलं, "विद्यार्थिनी."

"अगो, पन हरी तर कॉलेजात शिपाय होता!"

त्यांना वाटलं असणार, आंधळी पोरगी आहे, रिक्षावाल्याने भलत्याच दारात सोडली. तुमची सून लगबगीने आली आणि म्हणाली, "आपलीच आहे ती, आत्या. सुजाता. बाबांकडे यायची दर रविवारी." मग माझ्या हातात चहाचा कप आला आणि विषय तिथेच संपला. एवढ्या माणसांत कुठून सुरुवात करणार होते? तिथे सांगायचं राहिलं ते आता तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुमच्या बाजूने. माझी बाजू तुम्ही कधी ऐकून घेतलीच नाहीत. मी आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही "चल, बाटल्या पुसायच्या हायत" म्हणून उठायचात.

मला अकरावी सायन्सला घेताना कॉलेजने हो म्हणत म्हणत नाहीच म्हटलेलं. उपप्राचार्य आईला म्हणाले, "पहिल्या सत्राची परीक्षा होऊ दे. केमिस्ट्री झेपली नाही तर आर्ट्सला बदली करून देऊ. तिकडे एक जागा ठेवतो." मला जन्मापासून दिसत नाही. दहावीला चांगले मार्क होते, पण ॲसिड, बर्नर, काचेच्या नळ्या हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली, "जागा ठेवतात म्हणे. जसं काय आपण वेटिंग लिस्टवर आहोत."

आई नौपाड्यातल्या एका दवाखान्यात आया होती. तिची ड्युटी सातला लागायची, माझं पहिलं लेक्चर आठला. त्यामुळे ती मला पावणेसातलाच कॉलेजात सोडायची आणि मी दुसऱ्या मजल्यावर केमिस्ट्री लॅबबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा वाजत आला आणि थांबला.

"कोन हाय?"

"मी. अकरावी ब."

"मग भाएर कनाला बसलीस? आत ये. आत पंखा हाय."

तेवढंच. नाव नाही, गाव नाही, 'बिचारी' नाही. आठवडाभरात तुम्ही मला अख्खी लॅब पावलांनी शिकवलीत. दारापासून सिंक सात पावलं, सिंकपासून तराजू चार. "आनि डावीकडं कडेला ॲसिड. तिकडं हात नेलास तर ॲसिडाच्या आधी मी तुझा हात तोडीन." इतकं स्पष्ट माझ्याशी तोपर्यंत कोणीच बोललं नव्हतं. सगळे जपून बोलायचे. जपून बोलणाऱ्या माणसांपासून काही शिकता येत नाही, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं.

मग तो धडा आला. अणूमध्ये इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात, त्याचा. तोवर शाळेत शिकलेलं सोपं होतं, सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे केंद्राभोवती इलेक्ट्रॉन फिरतात. मॅडमनी पहिल्याच तासाला ते खोडून काढलं. इलेक्ट्रॉनला ठरलेली वाट नसते. त्याची असते ऑर्बिटल, म्हणजे केंद्राभोवतीची अशी जागा जिथे तो सापडण्याची शक्यता जास्त. मग खडूचा आवाज. "एस ऑर्बिटल ही अशी. पी ही अशी. आणि डी या पाच. लक्षात आलं?" सगळा वर्ग म्हणाला, "हो मॅडम." मी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, अशी म्हणजे कशी?"

त्या माझ्या बाकाजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला. "सुजाता, आकृत्यांचे मार्क सोडून दे. बाकीचं पाठ कर, पास होशील." वाईट नव्हत्या त्या. प्रेमानेच म्हणाल्या, म्हणून तर मला भांडता आलं नाही. घरी जाऊन मी पुस्तकाचं रेकॉर्डिंग लावलं. एका दयाळू ताईंनी माझ्यासाठी अख्खं पुस्तक वाचून दिलं होतं. तिथे आल्यावर ताईही म्हणाल्या, "येथे आकृती आहे," आणि पुढच्या परिच्छेदाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विचारलंत, "तोंड का पाडलंस?" मी सांगितलं. तुम्ही फडकं पिळायचे थांबलात.

"ती फुगे नि डमरूंची चित्रं? बावीस वर्सं मी ती फळ्यावरून पुसतो. कदी कोणाला इचारलं नाय काय हाय म्हणून." मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात. "तुला काय ठाव हाय ते सांग."

मी पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. तुम्ही ती मला तीनदा म्हणायला लावलीत.

"सापडायची शक्यता? असतो असं नाय. सापडंल, असं."

"हो."

"मग ही तर खाडी झाली," तुम्ही म्हणालात. "मासा कुठं हाय ते खाडीत कोनी सांगत नाय. कुठं सापडंल ते सांगतात. भरतीला कुठं, ओहोटीला कुठं. बोईट कुठं, जिताडा कुठं."

तुमच्या वडिलांची होडी होती, लहानपणापासून तुम्ही खाडीवर जाळं टाकलेलं, आणि पाणी नासलं तेव्हा पाचांतल्या एका भावाने नोकरी धरायची म्हणून तुम्ही कॉलेजात लागलात, हे मला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी तुम्ही माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलंत. हलकं, गोल, बोटांना नायलॉनच्या दोऱ्याचं आणि गाठींचं. तारेच्या कड्यांवर विणलेलं गोल जाळं, साधारण कलिंगडाएवढं. आत मधोमध चार दोऱ्यांनी टांगलेला एक मणी.

"मनी म्हंजे केंद्र. हे तुझं एस."

मी ते कितीतरी वेळ फिरवत राहिले. सगळीकडून सारखं. 'एस ऑर्बिटल गोलाकार असते' हे वाक्य मी पन्नासदा म्हटलं असेल. ते पहिल्यांदा हातात आलं. आणि लगेच मी तुमच्याशी भांडले, आठवतं?

"काका, हे इथे संपतं. इलेक्ट्रॉन इथे संपतो का?"

"मग बोट घाल की आत."

बोट जाळीतून आत गेलं, आणि बाहेर आलं.

"जाळ्याच्या भाएर मासा नसतो काय? असतो. पन कमी. म्हणून आपुन जाळं तितंच लावतो जितं शंभरातनं नव्वद येळा गावंल. जाळं म्हंजे खाडी नव्हं, पोरी."

पुढे एमएस्सीला असताना हीच गोष्ट मला जाड पुस्तकात इंग्रजीत वाचायला मिळाली. तिथे तिला अर्धं पान लागलं होतं.

पी ऑर्बिटल करायला तुम्हाला दोन आठवडे लागले, कारण फळ्यावरच्या चित्राने तुम्हालाही फसवलं होतं. तिन्ही डमरू फळ्यावर सपाटच पडलेले. त्यातला एक आडवा, एक उभा, आणि तिसरा तिरका का, हे काही कळेना. मग लेक्चर संपल्यावर फळा पुसायच्या आधी तुम्ही मॅडमना विचारलंत, "म्याडम, हा तिरका डमरू खरा तिरका हाय का भिंतीतनं आपल्याकडं येतो?" मॅडमना वाटलं तुम्ही थट्टा करताय. पण सांगितलं त्यांनी: तो आपल्याकडेच येतो. त्या रात्री तुम्ही घरी काकूंना म्हणालात म्हणे, "बावीस वर्सं सपाट पुसत होतो."

तीन डमरू, एकमेकांना काटकोनात, मधे एकच गाठ. एक माझ्या डाव्या-उजव्या हाताकडे, एक वर-खाली, एक माझ्या छातीकडून समोर. मी ते हातात घेतले तेव्हा हसले. तुम्ही विचारलंत का हसतेस. मी सांगितलं नाही. आता सांगते. इतकी वर्षं सगळे मला सांगत आलेले की दिसणाऱ्यांना जग आपोआप कळतं. आणि इथे अख्ख्या वर्गाला जे सपाट कळलं होतं, ते मला तिन्ही दिशांनी कळलं होतं.

इलेक्ट्रॉनची मांडणी शिकवायला तुम्ही जाळ्याचंच सामान आणलंत. जाळं वर तरंगतं ठेवणारे बोये आणि खाली ओढणाऱ्या शिशाच्या गोळ्या. माझ्या आईने दवाखान्यातल्या जुन्या चादरीवर खिसे शिवून दिले. एक खिसा म्हणजे एक ऑर्बिटल; खाली एक, त्यावर एक, मग ओळीत तीन, असे वर वर. नियम तुम्ही पाठ केलेत माझ्याआधी. खालचा खिसा भरल्याशिवाय वरच्यात जायचं नाही. एका खिशात दोनच इलेक्ट्रॉन, तेही एक बोया आणि एक शिसं; दोन बोये चालणार नाहीत. आणि ओळीतल्या तीन खिशांत आधी प्रत्येकी एकेक बोया, मगच कुणाला जोडीदार. नायट्रोजनला तीन खिशांत तीन बोये. ऑक्सिजनला पहिल्या खिशात शिसं पडलं की कपडा त्या बाजूने जड व्हायचा. मी आजही ऑक्सिजन म्हटलं की डाव्या हाताला ते वजन जाणवतं.

क्रोमियमला नियम मोडला तेव्हा तुम्ही चिडलात. थ्री-डीच्या पाच खिशांत चार बोये आणि फोर-एसमध्ये दोन, असं यायला हवं होतं. पण फोर-एसमधला एक उठतो आणि पाचव्या खिशात जाऊन बसतो. मी समजावलं, "पाचही खिशांत एकेक आलं की सगळं जास्त स्थिर होतं, काका." पाचव्या खिशातला बोया तुम्ही काढलात आणि परत ठेवलात. मग म्हणालात, "आमी बी पाच भाऊ. आमच्यात आपनहून कोन उठला नाय, मला उठवलं."

आणि मग आपलं ते भांडण, पीच्या गाठीवरून सुरू झालेलं. दोन पिशव्या, मधे गाठ, आणि गाठीपाशी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य.

"मग ह्या पिशवीतनं त्या पिशवीत तो जातो कुठनं?"

मी मॅडमना विचारून आले. "तो जात नाही म्हणे. तो दोन्हीकडे असतो."

"एकच?"

"एकच."

"एकच मासा दोन पिशव्यांत? कोनाला सांगतेस?"

"मासा नाहीये तो, काका. लाटेसारखं काहीतरी आहे. सापडेपर्यंत त्याची अमुक अशी एक जागाच नसते."

तुम्ही हातातलं चंचुपात्र ठेवलंत. "मासा कुठंतरी असतोच. तुला मी दिसत नाय. मग मी नाय काय?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाटेवर आईला ऐकवत ऐकवत उत्तर तयार केलं आणि लॅब उघडल्या उघडल्या तुमच्यावर फेकलं: "तुम्ही बोलता, म्हणून तुम्ही आहात. इलेक्ट्रॉन पकडेपर्यंत बोलतच नाही." तुम्ही मोठ्याने हसलात आणि म्हणालात, "आता जमलं. आता भांड." पण मानलं नाहीत. बारा वर्षं मानलं नाहीत.

पहिल्या सत्राच्या परीक्षेला मला लेखनिक मिळाली ती नववीतली एक मुलगी. नियमच तसा, लिहिणारी खालच्या वर्गातली हवी. तिने ऑर्बिटल हा शब्दही ऐकलेला नव्हता. प्रश्न आला: डी ऑर्बिटलच्या पाच आकृत्या काढा. तिने घाबरून विचारलं, "दीदी, हा सोडू?" मी म्हटलं, "नाही. मी सांगते तसं काढ. चार पाकळ्यांचं फूल. पाकळ्या दोन रेघांच्या मधून, रेघा बदलत असं तीनदा. आता तेच फूल, पण पाकळ्या रेघांवर." पाचवं सगळ्यांत अवघड, तुम्हीही ते जाळं विणताना दोनदा उसवलं होतंत. मी म्हटलं, "एक उभा डमरू काढ. त्याच्या कमरेला एक कडं घाल, सैल. कड्याला डमरूचा धक्का लागू देऊ नकोस." पोरीने जीभ बाहेर काढून काढलं असणार, तिचा श्वास ऐकू येत होता.

आठवड्याने मॅडम सकाळी लवकर आल्या, लॅबमध्ये. तुम्ही सिंकपाशी होतात. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाचवी आकृती वर्गात फक्त तुझी बरोबर आहे. बाकीच्यांचं कडं डमरूला चिकटलंय. तुला कोणी सांगितलं?"

मी सांगायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "पोरगी हुशार हाय म्याडम."

मी कपाट उघडलं आणि जाळी बाहेर काढली. एकेक टेबलावर ठेवली. मॅडमनी ती एकेक करून उचलल्याचा आवाज आला. शेवटी त्या म्हणाल्या, "हरिश्चंद्र, ही मला उद्या वर्गात हवीत." तुम्ही म्हणालात, "तिला इचारा. तिची हायत." बावीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही मॅडमना दिलेलं हे पहिलं नाही असावं.

आर्ट्समधली ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली.

सिनेमात आंधळी माणसं इतरांच्या चेहऱ्यावरून हात फिरवतात. मी तुमच्या कधी फिरवला नाही, तुम्हीही फिरवू दिला नसता. तुमचा चेहरा मला ठाऊक नाही. पण तुमच्या गाठी मला ठाऊक आहेत. सगळ्या एका मापाच्या. फक्त जिथे दोरा संपून नवा जोडलात तिथे किंचित जाड. एखाद्या माणसाने कुठे थांबून पुन्हा सुरुवात केली, हे इतकं नेमकं मला दुसऱ्या कुणाविषयी माहीत नाही.

मग मी बीएस्सी झाले, एमएस्सी झाले, नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले. तुम्ही रिटायर झालात. बाळकुममध्ये तुमच्या घराच्या चहूबाजूंनी टॉवर आले. रविवारी मी यायचे, काकू निवट्या माशांचं कालवण वाढायच्या आणि आपण दोघं तिथल्या तिथे भांडायला बसायचो. एकदा मी तुम्हाला सांगितलं की हाच वाद जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर घातला, आणि त्यांच्यातला सगळ्यात मोठा तुमच्या बाजूने होता.

"खरं बोलतेस?"

"अगदी खरं. पण नंतर प्रयोग झाले आणि बहुतेक लोक म्हणाले, तो चुकला."

"जाळं नीट टाकलं नसंल," तुम्ही म्हणालात. त्या आठवड्यात अख्ख्या आळीला कळलं होतं म्हणे, की हरीच्या बाजूनं जगातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ आहे.

शेवटच्या रविवारी आले तेव्हा तुम्हाला बोलताना धाप लागत होती. काकूंनी दारातच माझा हात दाबून सांगितलं, फार बोलवू नको. मी खाटेशेजारी बसले. तुम्ही विचारलंत, "पोरांना काय शिकवतेस हल्ली? मासा हाय का नाय?"

मी म्हटलं, "आहे, काका. कुठेतरी असतोच. तुमचंच बरोबर होतं."

तुम्ही माझं मनगट धरलंत, अगदी पूर्वीसारखं घट्ट.

"खोटं बोलू नको. मी आजारी हाय म्हणून हरू नको. नीट भांड."

मला रडू आलं आणि मी भांडले. अर्धा तास. प्रयोग सांगितले, लाटा सांगितल्या, गाठ सांगितली. तुम्ही मधे मधे "हां", "पुढं", "हे जुनं हाय, नवं सांग" म्हणत होतात. काकू आतून ओरडल्या, तुम्ही हाताने त्यांना गप्प केलंत, असं त्यांनीच नंतर सांगितलं. शेवटी म्हणालात, "थांब. ह्याला उत्तर हाय मजकडं. आता दम लागलाय. पुढल्या रविवारी ये, सांगतो."

शुक्रवारी सकाळी सुनेचा फोन आला.

ते उत्तर काय होतं, हे मी इतके दिवस शोधतेय. रिक्षात, जेवताना, वर्गात जाताना. एखादं सुचतं, तुमच्या आवाजात मनात म्हणूनही बघते. पण ते माझंच असतं. नुसतं 'हाय' आणि 'नाय' लावून ते तुमचं होत नाही. तुमच्या जागी बसून विचार करणारं दुसरं कोणी नाही, हे मला आता कळतंय. शास्त्रज्ञांच्या बाजूने बोलायला जगात हजार माणसं आहेत.

आणि एक कबुली. तुमच्याशी मी बारा वर्षं भांडले, पण माझ्या वर्गात कधी कुणाला भांडू दिलं नाही. दरवर्षी कुणीतरी तो प्रश्न विचारतंच, आणि दरवर्षी मी म्हणते, "हे परीक्षेत येत नाही, पुढे चला." पोर्शन संपवायचा असतो. हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटायची.

काल सुट्टीनंतरचा पहिला तास होता. पीचं जाळं मी पहिल्या बाकावर दिलं, ते हातोहात मागे गेलं. तिसऱ्या बाकावर थांबलं. तन्वी नावाची मुलगी आहे, एरवी तोंड उघडत नाही.

"मॅडम, पण तो असतो ना कुठेतरी? म्हणजे असणारच ना. आपल्याला सापडत नाही, एवढंच."

माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य आलेलं. मी ते गिळलं.

"का वाटतं तुला असं?" मी विचारलं.

ती बोलायला लागली. अडखळत, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मी माझं सगळं तिच्यावर टाकलं, काहीही राखून ठेवलं नाही. ती मागे हटली, मग पुन्हा दुसऱ्या बाजूने आली. वर्ग दोन्हीकडून ओरडायला लागला. तास संपला, पुढची बॅच दारात येऊन थांबली, कुणीतरी दोनदा दार वाजवलं. पोर्शन तिथेच राहिला.

जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. "सॉरी मॅडम. पण मला नाही पटलं."

मी म्हटलं, "सॉरी कशाला? उद्या ये. तयारी करून ये."